संतांचा तास मुलांना आवडायचा असेल तर आधी त्या संताचा एक निर्णय शोधा

ताई, तुमचा प्रश्न असा की रविवारी मिस्सेनंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) पाचवी ते आठवीची मुलं तुमच्याकडे दिलीत, धर्मशिक्षणात आता संतांचा विषय आहे, पुस्तकातलं चरित्र वाचलं की मुलं जांभया देतात, रंगवायला चित्रं दिली तर दहा मिनिटांत संपतं, मग काही क्रिएटिव्ह करता येईल का आणि तेही फार खर्च न करता. येईल, नक्की येईल. मी सोलापुरातच हाच वर्ग बरीच वर्षं घेते, त्यामुळे आपल्याकडची मुलं कशाने खुलतात ते थोडंफार कळलंय, ते सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी एक गोष्ट, बाकी सगळं हिच्यावर उभं आहे. कुठलाही संत घ्या, त्याच्या आयुष्यात एक क्षण असतो जिथे त्याला काहीतरी ठरवावं लागलं आणि दुसरा रस्ता पण समोर उघडा होता. तो क्षण आधी शोधा आणि अॅक्टिव्हिटी त्याच्याभोवती बांधा. जन्म कुठे झाला, आईवडील किती धार्मिक होते, लहानपणापासून प्रार्थना किती करायचे हे सांगत बसलात की मुलांना वाटतं हे लोक जन्मतःच वेगळे होते, आपला काय संबंध. पण त्याने अमुक वेळी काय निवडलं हे समोर आलं की मूल लगेच स्वतःला तिथे उभं करतं. कात्री, गोंद, चार्टपेपर हे सगळं त्यानंतर.

आता हे करायचं कसं ते सांगते. गोष्ट सांगताना बरोबर त्या क्षणाला थांबायचं आणि मुलांना उठवायचं. वर्गाच्या एका कोपऱ्यात "हो", दुसऱ्यात "नाही", तिसऱ्यात "मला अजून कळत नाही", प्रत्येकाने कुठल्या तरी कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं आणि का ते सांगायचं. पुढे काय झालं ते त्यानंतरच सांगायचं. माझ्याकडे यासाठी सगळ्यात चांगली चालते ती जपानमधल्या नागासाकीच्या २६ ख्रिस्ती हुतात्म्यांची गोष्ट, कारण त्यातले संत गोन्सालो गार्सिया आपल्या वसईचे, भारतात जन्मलेले पहिले संत. जपानमध्ये त्यांचा व्यापार चांगला चालला होता, तो सोडून ते मनिलाला गेले आणि फ्रान्सिस्कन ब्रदर, म्हणजे संत फ्रान्सिसच्या संघातले धर्मबंधू झाले, मग जपानी भाषा येत होती म्हणून दुभाषे होऊन परत जपानला. पहिला थांबा इथेच घ्या: धंदा चांगला चाललाय, सोडशील का? आपल्या सोलापुरात दुकान, कारखाना, माल, उधारी हे मुलांनी घरात पाहिलेलं असतं, त्यामुळे उत्तरं अगदी खरीखुरी येतात, एखादा पोरगा सरळ सांगतो की नाही सोडणार, घर कोण चालवणार. सांगू द्या. लगेच "असं नाही बोलायचं" म्हणू नका, नाहीतर पुढच्या रविवारपासून सगळेच तुम्हाला हवं ते उत्तर देतील.

त्याच गोष्टीत दुसरा थांबा आहे. त्या २६ जणांत तीन मुलं होती, लुईस इबाराकी १२ वर्षांचा, अंतोनी १३ आणि थॉमस कोझाकी १४. म्हणजे बरोबर तुमच्या वर्गाच्या वयाची. सगळ्यांना क्योतोहून नागासाकीपर्यंत हिवाळ्यात चालवत नेलं. थॉमसने वाटेत आईला पत्र लिहिलं, ते पुढे त्याच्या वडिलांच्या अंगावर सापडलं, वडीलही त्याच्याबरोबरच होते. लुईसला अधिकाऱ्याने सांगितलं होतं की श्रद्धा सोड, तुला सोडतो. ५ फेब्रुवारी १५९७ ला त्यांना क्रुसावर मारलं आणि १८६२ मध्ये संत घोषित केलं. इथे मी कोपऱ्यांचा खेळ घेत नाही, "तू मेला असतास का" हे लहान मुलाला विचारायचं नसतं. त्याऐवजी एक कागद देते आणि सांगते, तुम्ही थॉमस आहात, चालून चालून पाय सुजलेत, आईला पत्र लिहा. एरवी पाच ओळी लिहायला कुरकुरणारी मुलं पानभर लिहितात. पत्रं वर्गात मोठ्याने वाचायला लावू नका, ज्याला वाचायचं त्याने वाचावं, बाकीची घरी आईला नेऊन द्यायची.

सणाची तारीख पण लक्षात ठेवा, ६ फेब्रुवारी, म्हणजे परीक्षेच्या आधी वेळ मिळतो. मोठ्या मुलांना मी यावर पोवाडा रचायला लावलाय. डफ नसला तर स्टीलचा डबा चालतो, एक शाहीर, मागे "जी जी जी" म्हणायला झीलकरी, कडवी मुलांनीच जुळवायची. आपल्या मुलांच्या कानात ती चाल असतेच, गाणं शिकवायला लागत नाही, फक्त प्रसंग कोणत्या क्रमाने येतात तेवढं बघा. आणि इतिहास मुलांच्या डोक्यात बसतो तो या जुळवाजुळवीतच, कारण यमक जुळवायला नागासाकी आणि मनिला शंभरदा तोंडात येतं.

सोलापूरचा एक मोठा फायदा आपण वापरतच नाही तो म्हणजे सूत आणि कापड. मदर तेरेसांची निळ्या काठाची पांढरी साडी मुलांनी फोटोत पाहिलेली असते, पण ती साडी कुठे विणली जाते हे कुणाला माहीत नसतं. कोलकात्याजवळ टिटागडला कुष्ठरोग झालेले लोक ती हातमागावर विणतात, मदरच्या सिस्टर जगभर ज्या साड्या नेसतात त्या तिथल्या. हे आपल्या पूर्व भागातल्या, म्हणजे विणकरांच्या वस्तीतल्या मुलांना सांगा आणि त्यांचे चेहरे बघा, कारण कुणाचे आजोबा मागावर होते, कुणाची आई अजून टॉवेलच्या कारखान्यात जाते. मग प्रत्येकाला जाड पुठ्ठ्याचा तुकडा द्यायचा, वर-खाली खाचा पाडायच्या, ताणा बांधायचा आणि पांढऱ्या सुताने विणत जाऊन शेवटी निळ्या तीन रेघांचा काठ काढायचा. एका बैठकीत होत नाही, दोन रविवार लागतात, पण हात चालू असताना मुलं फार छान ऐकतात. तेवढ्या वेळात मदरची गोष्ट सांगायची आणि इथे निर्णयाचा क्षण असा की त्या कोलकात्याच्या एका चांगल्या कॉन्व्हेंट शाळेत भूगोल शिकवायच्या, पुढे मुख्याध्यापिका झाल्या, सगळं सुरळीत होतं, आणि ती सुरक्षित भिंत सोडून १९४८ मध्ये गरिबांच्या वस्तीत गेल्या. कुष्ठरोग्याच्या हातचं कापड नेसायचं याचा अर्थ काय हे मुलांना विचारा, तुम्ही सांगू नका. ज्या घरात माग आहे त्या घरच्या आजोबांना बोलवा, ताणा कसा बांधायचा ते त्यांनाच दाखवू द्या, त्यांच्यामुळे वर्गाला जे वजन येतं ते आपल्याने येत नाही. मदरचा सण ५ सप्टेंबर, त्याच दिवशी शिक्षक दिन असतो, त्यामुळे शाळेत पण हे सहज बसवता येतं.

गड्ड्याच्या यात्रेचं पण तसंच. जानेवारीत सिद्धेश्वरांचा गड्डा भरतो, होम मैदानावर पाळणे, जादूचे खेळ, कसरती, मुलं तेच बोलत असतात, आणि ३१ जानेवारीला इटलीतले धर्मगुरू संत जॉन बॉस्को यांचा सण येतो. हा योग सोडू नका. बॉस्को लहानपणी जत्रेतल्या कसरतवाल्यांना बघून बघून दोरीवर चालायला आणि हातचलाखी करायला शिकले, गावातल्या मुलांना फुकट खेळ दाखवायचे, तिकीट एवढंच की आधी सगळ्यांनी प्रार्थना करायची आणि रविवारी फादरांनी जे प्रवचन दिलं ते त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकायचं. त्यादिवशी वर्ग अंगणात घ्या. ज्याला जे येतं त्याने ते दाखवायचं, कुणी तीन लिंबं उडवतो, कुणी शिट्टीवर गाणं वाजवतो, कुणी कोलांटी मारते, आणि खेळाच्या शेवटी त्याच मुलाने आजच्या शुभवर्तमानातली, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रातली एक गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगायची. जी मुलं अभ्यासात मागे बसतात ती त्या दिवशी पुढे येतात, आणि बॉस्कोंचं सगळं आयुष्य अशाच इटलीतल्या तुरीन शहराच्या रस्त्यावरच्या मुलांसाठी गेलं हे वेगळं समजावून सांगायची गरज राहत नाही.

पिशवीचा खेळ लहानांसाठी, तिसरी-चौथीपर्यंत. कापडी पिशवीत वस्तू टाकायच्या, मुलाने न बघता हात घालून ओळखायची आणि ती कुठल्या संताची ते शोधायचं. किल्ली पीटरची, सुताराची पट्टी योसेफची, पावाचा तुकडा पाडुआच्या अंतोनीचा, गुलाब छोट्या तेरेजाचा (ही फ्रान्सची, मदर तेरेसा वेगळ्या; आपल्या शहरात लिटल फ्लॉवर नावाची शाळा आहे, ते नाव तिचंच हे मुलांना सांगितलं की खूश होतात), कॉम्प्युटरचा माउस कार्लो अकुतीस या आपल्या काळातल्या मुलाचा, लहान केरसुणी मार्टिन दे पोरेसची. सोपं आहे, तयारी शून्य. शेवटी प्रत्येकाला विचारायचं की तुझ्या चित्रात तुझ्या हातात काय असेल, आणि ते काढायला लावायचं.

पण मार्टिनला फक्त केरसुणीवर सोडू नका, त्यांच्यावर एक पूर्ण रविवार द्या. पेरूमधल्या लिमा शहरातले, १५७९ चा जन्म, वडील स्पॅनिश आणि आई गुलामीतून सुटलेली काळी बाई. आफ्रिकन रक्ताच्या माणसाला तेव्हा तिथे मठात पूर्ण सभासद होता येत नव्हतं, म्हणून ते आत गेले ते नोकर म्हणून, झाडलोट करायला. न्हाव्याचं काम आणि औषधपाणी शिकलेले होते, तर रस्त्यावरचे आजारी लोक उचलून स्वतःच्या खोलीत आणायचे. ज्यांनी दाराबाहेर ठेवलं त्यांच्याच घरात राहून सगळ्यांची सेवा करायची का निघून जायचं, हा प्रश्न आपल्या मुलांना कळायला वेळ लागत नाही. मंगळवेढ्याचे चोखोबा त्यांना माहीत असतात, काहींच्या घरात आजीआजोबांनी काय सोसलं ते पण माहीत असतं. मी या गोष्टीनंतर नेहमी गप्पांचं वर्तुळ करते आणि मुलांना जे आठवेल ते बोलू देते. कुणी रडलं तर रडू द्या. त्यांना संतपद १९६२ मध्ये मिळालं, म्हणजे मृत्यूनंतर सव्वातीनशे वर्षांनी, आणि मुलं विचारतात एवढा उशीर का, हा प्रश्न फार चांगला आहे, त्यावरून पुढची अॅक्टिव्हिटी निघते.

ती म्हणजे कोर्ट. आठवी-नववीच्या मुलांना हे भयंकर आवडतं. चर्च कुणाला संत असं एका दिवसात म्हणत नाही, आधी देवाचा सेवक, मग व्हेनरेबल, मग धन्यवादित, मग संत, मृत्यूनंतर साधारण पाच वर्षं थांबायचं, साक्षीदार, पत्रं, कागद तपासायचे, आणि एक चमत्कार धन्यवादितसाठी व आणखी एक संतपदासाठी, फक्त हुतात्म्याला पहिल्या वेळी चमत्कार लागत नाही. पूर्वी व्हॅटिकनमध्ये एक अधिकारी मुद्दाम विरोधी बाजू मांडायचा, त्याला लोक सैतानाचा वकील म्हणायचे. तर वर्गात एक गट बाजू मांडणारा, एक सैतानाचा वकील, तीन-चार साक्षीदार, बाकी न्यायाधीश. केस म्हणून धन्यवादित राणी मारिया घ्या, कारण ती अजून संतपदापर्यंत पोचलेली नाही, म्हणजे उत्तर आधी ठरलेलं नाही. केरळची ही सिस्टर मध्य प्रदेशात इंदूरजवळ आदिवासी शेतकऱ्यांना सावकारांपासून सोडवायचं काम करायची, २५ फेब्रुवारी १९९५ ला चालू बसमध्ये तिच्यावर वार करून मारलं, २०१७ मध्ये इंदूरला तिला धन्यवादित घोषित केलं. तिची धाकटी बहीण पण सिस्टर, तिने तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. राखीपाशी थांबा. बहिणीने माफ करावं का यावर आपल्या मुलांचं जे भांडण होतं ते मी कधी अर्ध्यावर तोडत नाही, तास वीस मिनिटं लांबला तरी चालेल, पालकांना बाहेर थांबू दे.

कोर्टामुळे आणखी एक सवय लागते, दंतकथा आणि इतिहास वेगळा करायची. संत जॉर्जचा ड्रॅगन, फ्रान्सिसचा गुब्बिओचा लांडगा या गोष्टी सांगा, जरूर सांगा, पण फळ्यावर दोन रंगांचे खडू ठेवा, एकात नोंद असलेलं, दुसऱ्यात लोक सांगत आलेलं. यामुळे श्रद्धा कमी होत नाही, उलट दहावीत गेल्यावर "हे सगळं खोटं होतं" असं म्हणायची पाळी येत नाही.

दोरीवरची वर्षं ही माझी स्वतःची आवडती. वर्गाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सूत बांधायचं, कपड्याच्या चिमट्यांनी कार्डं लावायची. फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात आले, गोन्सालो १५९७, आणि मग खाली आपल्या शहराची कार्डं. १९१० ला गंमत होते, त्या एकाच वर्षी ऑगस्टमध्ये केरळात संत अल्फोन्सा जन्मल्या, आठवड्याभराने स्कोपियेला मदर तेरेसा, आणि ऑक्टोबरमध्ये आपल्या सोलापुरात डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस, जे चीनमध्ये जखमींची सेवा करता करता १९४२ ला गेले. डॉ. कोटणीस काही कॅथलिक संत नव्हेत, ते मुलांना स्पष्ट सांगायचं, पण चांगुलपणा आपल्या गल्लीतूनही निघतो हे त्या दोरीवर दिसतं. १२ जानेवारी १९३१ ला स्वातंत्र्यलढ्यातल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांना फाशी झाली ते कार्ड पण लावायचं, तेव्हा अल्फोन्सा २० वर्षांच्या. मग मुलांनी घरून आजी-आजोबांची जन्मवर्षं आणायची, शेवटी स्वतःची. कार्लो अकुतीस १९९१ चा, त्याच्या आणि मुलांच्या आईवडिलांच्या कार्डात फार अंतर राहत नाही. तो गेला १५ व्या वर्षी २००६ मध्ये, संत झाला ७ सप्टेंबर २०२५ ला, आणि असीसीला त्याला जीन्स आणि स्पोर्ट्स शूजमध्ये ठेवलंय हे कळलं की मोबाईलवाली मोठी मुलं पुढे सरकून बसतात. त्याने ख्रिस्तशरीराच्या (मिस्सेतल्या पवित्र भाकरीच्या) चमत्कारांची वेबसाइट बनवली होती, तर मोठ्या मुलांना पण तेच काम द्या, आपल्या चर्चमधल्या पुतळ्यांचे, काचेच्या चित्रांचे फोटो, प्रत्येकाखाली चार ओळी मराठीत, पॅरिशच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या लोकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज एक. फादरांना आधी विचारून.

छोट्या तेरेजाचे मणी तुम्हाला कदाचित माहीत असतील. ती लहान असताना एका दोरीतले सरकणारे मणी खिशात ठेवायची, कुणासाठी काही सोडलं किंवा केलं की एक मणी सरकवायचा, कुणाला न सांगता. दहा मणी आणि जाड सूत, पाच मिनिटांचं काम. फक्त पुढच्या रविवारी "किती झाले" विचारू नका. चार्ट लावून स्टार दिले की त्या मण्यांचा जीव गेला.

१ नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या सणाला फॅन्सी ड्रेस करायचा असेल तर भाड्याचे ड्रेस बंद करा, घरात जे आहे त्यातूनच, सोलापुरी चादर पाठीवर टाकली की झगा झाला, टॉवेल डोक्याला. स्टेजवर नुसतं येऊन "मी संत अमुक" म्हणून जायचं नाही, बाकीच्यांनी पत्रकार होऊन तीन प्रश्न विचारायचे आणि त्यातला एक प्रश्न ठरलेला, तुम्हाला सगळ्यात अवघड काय गेलं. हे उत्तर मुलाने आधी शोधून ठेवलेलं असलं पाहिजे, घरी आईबाबांना पण मग शोधावं लागतं.

काय टाळायचं तेही सांगते. लहानांना छळाची वर्णनं नकोत, लॉरेन्सला जाळीवर भाजलं, बार्थोलोम्यूची कातडी सोलली हे सगळं आठवीनंतर. इंग्रजी शब्दकोड्यांच्या प्रिंट काढू नका, त्यात मुलं अक्षरं शोधतात, संत नाही. तेलुगू किंवा कानडी घरातली मुलं असतील तर गोष्ट परत सांगायची वेळ आली की त्यांना घरच्या भाषेत सांगू द्या, मग बघा कशी बोलतात. आणि आपल्याकडे बऱ्याच घरांत निम्मे नातेवाईक प्रॉटेस्टंट चर्चचे असतात, एखादं मूल काकाचा प्रश्न घेऊन येणारच की तुम्ही संतांची पूजा करता का. त्याला चिडून उत्तर देऊ नका. आराधना फक्त देवाची, संतांचा आपण आदर करतो आणि आजारी असताना शेजारच्या मावशीला "माझ्यासाठी प्रार्थना करा" म्हणतो तसं त्यांना म्हणतो, एवढं साधं सांगितलं की मूल घरी जाऊन नीट सांगू शकतं.

शाळेच्या वर्गात हेच करायचं असेल, जिथे सगळ्या धर्मांची मुलं आहेत, तिथे चरित्र आणि निर्णय एवढंच ठेवा, प्रार्थना करायला लावू नका. कोर्ट, दोरी, विणकाम तिथे पण मस्त चालतं आणि मूल्यशिक्षणाच्या तासात बसतं.

तुमच्याकडे पाऊण तास असतो म्हणालात, तर पंधरा मिनिटं गोष्ट आणि थांबा, वीस मिनिटं हाताचं काम, उरलेले दहा प्रार्थना आणि या आठवड्यात करायचं एक काम, जसं १३ जूनला संत अंतोनीच्या सणाला प्रत्येक घरून दोन कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणून मोठ्यांच्या सोबतीने सिव्हिल हॉस्पिटलबाहेर पेशंटच्या नातेवाईकांना देणं. सुरुवात गोन्सालोंपासून करा, पत्रापासूनच. सुताला पैसे घालू नका, कुठल्याही ओळखीच्या कारखान्यात विचारलं तर बॉबिनवर उरलेलं सूत पिशवीभर देतात, निळं मात्र आधी सांगून ठेवावं लागतं.